आपला फ्रेडी आणि दादाचा हिशोब

(गणेशोत्सवात, ५ सप्टेंबर २०२५ रोजी, बडोद्यात आपल्या मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानाचा विषय फलकावर लागला त्या दिवशी रावपुऱ्यात एका ज्येष्ठ बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "अहो, तुमच्या वडिलांनी याच मंडळात नाट्यसंगीतावर तीन दिवस व्याख्यानं दिली होती. आणि तुम्ही गणपतीत तो धांगडधिंगा घेऊन येणार?" मी म्हटलं, "काकू, या, शेवटच्या रांगेत बसा, नाही पटलं तर उठून जा." त्या आल्या आहेत. शेवटच्या नाही, दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आता जबाबदारी वाढली.

आज ५ सप्टेंबर. शिक्षक दिन. याच तारखेला १९४६ साली झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात एक मुलगा जन्मला. नाव फारोख बुलसारा. बुलसारा म्हणजे बुलसरचा. इंग्रज ज्याला बुलसर म्हणत ते आपलं वलसाड. मुंबईला जाताना सुरतेच्या पुढे लागतं ते. वडील झांझिबारमध्ये इंग्रज सरकारच्या कचेरीत रोखपाल. मुलाला त्यांनी शिकायला कुठे पाठवलं? पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. तिथे तो पियानो शिकला, मित्रांना घेऊन 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड काढला, आणि तिथेच फारोखचा फ्रेडी झाला. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि हे कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेलं. पुढे १९७० साली तो ज्या बँडमध्ये उभा राहिला त्याचं नाव 'क्वीन', आणि त्याने स्वतःसाठी घेतलेलं नाव फ्रेडी मर्क्युरी. आज असता तर ७९ वर्षांचा झाला असता.

एवढं सांगितल्याबरोबर सभागृहात थोडी हालचाल झाली, ती मी पाहिली. बलसाड, पाचगणी म्हटलं की माना वर होतात. "म्हणजे आपलाच की!" हा जो "आपलाच की" आहे ना, त्याच्याबद्दलच मला आज बोलायचं आहे. कारण या एका शब्दावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं चाळीस वर्षं भांडण चालू आहे. दादा आज इथे पहिल्या रांगेत बसला आहे. माझं काही चुकलं तर तो मध्येच बोलेल, त्याला आवरू नका.

सुरुवात कॅसेटपासून करतो. १९८२ ची दिवाळी. मस्कतला नोकरी करणारा आमचा मावसभाऊ सुट्टीला आला, त्याने दादाला क्वीनच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'ची कॅसेट दिली. दादा तेव्हा कारखान्यात नुकताच लागला होता, मी कॉलेजात. घरात वडिलांच्या रेकॉर्डी: मास्टर दीनानाथ, बालगंधर्व, फैयाज खाँसाहेब. त्या घरात माडीवरच्या खोलीत, दार लावून, आवाज बारीक करून आम्ही ती कॅसेट ऐकली. पहिलंच गाणं 'बोहेमियन रॅप्सोडी'. संपलं तेव्हा दादा म्हणाला, "परत लाव." पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा दारावर थाप पडली. वडील उभे. आम्हाला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, "याला ध्रुवपद कुठे आहे?"

मंडळी, मी पुढे या गाण्यावर इंग्रजीत पुष्कळ वाचलं, पण याच्याहून नेमका प्रश्न कुणी विचारलेला मला आढळला नाही. आपल्या नाट्यपदात गायक कितीही ताना घेऊन हिंडला तरी ध्रुवपदावर परत येतो. इंग्रजी गाण्यातही तसंच, दोन कडवी झाली की तीच ओळ पुन्हा. या गाण्यात परत येणं नाहीच. आधी शांत, पियानोवरचं गाणं. मग गिटार. मग एकदम ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्यांचं संगीत नाटकच म्हणा. मग दणदणीत रॉक. आणि शेवटी पुन्हा सगळं विझत जातं. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. त्या काळी रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांच्या वर गाणं लागत नसे. कंपनीतले लोक म्हणाले, कापा. हे चौघे म्हणाले, कापणार नाही. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट नावाचा निवेदक त्यांचा मित्र. त्याने दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजवलं असं सांगतात. ३१ ऑक्टोबर १९७५ ला रेकॉर्ड बाजारात आली आणि ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. पुढच्या महिन्यात त्याला पन्नास वर्षं होतील.

त्यातला ऑपेराचा तो सगळा वृंद किती माणसांचा आहे असं वाटतं? ऐकून पन्नास-साठ म्हणाल. तिघेच गातात. फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर. चोवीस पट्ट्यांच्या टेपवर हे तिघे दिवसच्या दिवस गात राहिले, एका आवाजावर दुसरा, त्यावर तिसरा, असे शंभरावर थर चढवले. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की ती झिजून तिच्यातून उजेड दिसायला लागला, असं मे सांगतो. तेव्हा ज्यांना हा धांगडधिंगा वाटतो त्यांना एवढंच सांगतो, की याच्यामागे जी मेहनत आहे ती आपल्याकडच्या रियाजाच्या जातीची आहे.

आता चाहत्यांच्या वादांकडे येतो. क्वीनचे चाहते जिथे म्हणून दोघे जमतात तिथे चार वाद ठरलेले आहेत. मी एकेक घेतो.

पहिला वाद. हा फ्रेडीचा बँड, बाकीचे तिघे साथीदार. आमच्याकडे ही बाजू माझी होती. दादा म्हणायचा, "कॅसेटच्या पुठ्ठ्यावर गीतकाराचं नाव बारीक अक्षरात असतं, ते वाच." वाचलं. 'वुई विल रॉक यू' ब्रायन मेचं. 'अनदर वन बाइट्स द डस्ट', जे १९८० साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, ते बास वाजवणाऱ्या जॉन डीकनचं. हा इतका मुखदुर्बळ की मुलाखतीत तोंड उघडत नसे. त्या गाण्याला घरातूनच विरोध होता. हे रॉक नाही, हे नाचायचं गाणं, असं बँडमध्येच म्हणत होते. स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून काढा, असं मायकल जॅक्सनने सुचवलं तेव्हा ते बाहेर आलं. पुढे १९८४ मध्ये 'रेडिओ गा गा' आलं, ते टेलरचं. चौघांपैकी प्रत्येकाने लिहिलेलं गाणं जगभर गाजलं, असे बँड फार थोडे.

आणि हे चौघे भांडत. कशावरून? आपल्याकडे एकत्र कुटुंबात होतात त्याच कारणावरून. 'बोहेमियन रॅप्सोडी'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टेलरचं मोटारीवरचं एक गाणं होतं. लोक रेकॉर्ड घेत पहिल्या बाजूसाठी, पण नियम असा की दोन्ही बाजूंच्या लेखकांना पैसे सारखे. हा वाद वर्षानुवर्षं धुमसत राहिला. शेवटी १९८९ च्या 'द मिरॅकल' या अल्बमपासून त्यांनी ठरवलं, गाणं कुणीही लिहो, नाव चौघांचं, पैसे चौघांचे. इथे बसलेल्या ज्यांच्या घरी वाटणीपत्रं झाली आहेत त्यांना कळेल, ही किती अवघड गोष्ट आहे.

दादाचा आणखी एक मुद्दा होता, त्याने मी हरलो. १९८५ मध्ये फ्रेडीने एकट्याने 'मिस्टर बॅड गाय' हा अल्बम काढला. आवाज तोच, चाली त्याच्याच, पैशाला तोटा नाही. ऐकायला चांगला आहे. पण क्वीनची धार त्याला नाही. दादा म्हणाला, "तिथे त्याला 'नाही' म्हणणारं कुणी नव्हतं."

दुसरा वाद. सगळा देखावा आहे, आत काही नाही. हे चाहते म्हणत नाहीत, चाहत्यांना छळणारे म्हणतात. आणि त्या काळच्या मोठमोठ्या समीक्षकांनी हेच म्हटलं. एका अमेरिकन समीक्षकाने तर त्यांच्या संगीताला फॅसिस्ट म्हणण्यापर्यंत मजल मारली. का? तर हे लोक प्रेक्षकांना हुकूम सोडतात आणि हजारो माणसं एका तालात हात उंचावतात.

या आरोपात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. गर्दी एका तालात हलते तेव्हा भीती वाटावी असंही काही त्यात असतं. पण 'वुई विल रॉक यू' कसं जन्मलं ते पाहा. १९७७ साली इंग्लंडमध्ये स्टॅफर्डजवळ बिंग्ली हॉलमध्ये यांचा कार्यक्रम झाला. संपल्यावर प्रेक्षक घरी जाईनात. ते आपण होऊन फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात ते गाणं गायला लागले, बँडसाठी. ब्रायन मेच्या डोक्यात आलं, प्रेक्षकांना गायला, वाजवायला जागा असेल असं गाणं का लिहू नये? दाटीवाटीने उभ्या माणसाला काय करता येईल? पाय आपटता येईल, टाळी वाजवता येईल. दोनदा पाय, एकदा टाळी, आणि चौथी मात्रा रिकामी. आपण जिला खाली म्हणू, तशी ती मोकळी सोडलेली जागा. ड्रम नाहीत. लंडनच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओत लाकडी फळ्यांवर सगळ्यांनी पाय आपटले. मग मेने त्या आवाजाच्या उशिरा येणाऱ्या नकला एकावर एक टाकल्या. हा मे शिकलेला भौतिकशास्त्र. नुसता प्रतिध्वनी वाटू नये, गर्दी वाटावी, म्हणून त्याने त्या नकलांमधली अंतरं मूळ संख्यांच्या हिशोबाने ठेवली. याच माणसाने पुढे २००७ साली, साठीला आल्यावर, अर्धवट राहिलेली खगोलभौतिकीची पीएचडी पुरी केली. आणि त्याची गिटार? शाळकरी वयात वडिलांबरोबर घरी केलेली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड आणि आईच्या विणकामाच्या सुईचं टोक तिच्यात आहे. ती वाजवतो सहा पेनीच्या नाण्याने. याला नुसता देखावा म्हणायचं असेल तर म्हणा.

तिसरा वाद. यांनी बाणा सोडला. सत्तरच्या दशकात हे आपल्या अल्बमवर अभिमानाने छापत, की यात सिंथेसायझर वापरलेला नाही. १९८० च्या 'द गेम'मध्ये तो आला. १९८२ चा 'हॉट स्पेस' तर निम्मा नाचायच्या तालावरचा. जुने चाहते संतापले. या वादात दादा आणि मी एका बाजूला, आम्हाला दोघांनाही तो अल्बम आवडला नाही. पण आता ऐकताना वाटतं, ते फसले असतील, थांबले नव्हते. त्याच अल्बमवर डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' आहे, आणि ते आजही शिळं वाटत नाही.

आता चौथा वाद. तो फक्त संगीताचा नाही, आणि त्याच वादाने आमच्या घरात अबोला आणला.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णद्वेषी राजवट होती. तिच्या एका तथाकथित स्वतंत्र प्रदेशात सन सिटी नावाचं करमणुकीचं मोठं केंद्र होतं. जगातल्या कलावंतांनी तिथे जाऊ नये असं संयुक्त राष्ट्रांचं आवाहन होतं, ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या संघटनेचाही नियम होता. क्वीन गेले. ऑक्टोबर १९८४ मध्ये तिथे त्यांचे कार्यक्रम झाले. संघटनेने दंड केला. पुढच्या वर्षी अमेरिकेत अनेक गायक-वादकांनी एकत्र येऊन आम्ही सन सिटीत वाजवणार नाही असं सांगणारी रेकॉर्ड काढली. तिची बातमी मुंबईहून येणाऱ्या एका मासिकात दादाने वाचली, आणि क्वीनचं नाव त्याला उलट्या बाजूला दिसलं.

त्या रात्री त्याने कॅसेट डब्यात घातली, डबा कपाटात वर टाकला. मी म्हटलं, "दादा, कलेचा आणि राजकारणाचा काय संबंध? ते म्हणतात आम्ही सगळ्यांसाठी वाजवतो. बहिऱ्या-आंधळ्या मुलांच्या शाळेला त्यांनी मदतही केली." दादा म्हणाला, "चौऱ्याहत्तर साली डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यात आपण होतो. समोर दक्षिण आफ्रिका. आपण खेळलो नाही. चषक त्यांना देऊन टाकला. अमृतराज बंधूंना खेळता येत नव्हतं म्हणून? जगातला चषक हातातून जाऊ देतात माणसं, आणि यांना चार रात्रींचे कार्यक्रम सोडवत नाहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो. मी चढवला. तू कारखान्यात मालकाच्या पुढे मान खाली घालून उभा राहतोस, तिथे कुठे जातं तुझं तत्त्व, असं मी त्याला म्हटलं. चाळीस वर्षं झाली, ते वाक्य मला अजून ऐकू येतं. दादा काही बोलला नाही. महिनाभर आम्ही एका पंगतीला जेवलो, पण बोललो नाही. आई आमटी वाढताना एकदा याच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे.

१३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर 'लाइव्ह एड' झालं, इथिओपियातल्या दुष्काळासाठी. ७२,००० लोक. क्वीनला मिळाली वीस-एकवीस मिनिटं, आणि त्या दिवशी त्यांच्यासारखं कुणी गायलं नाही असं आज जवळजवळ सगळे म्हणतात. फ्रेडी नुसता आलाप टाकतो आणि ७२,००० माणसं तोच सूर परत देतात. मी ते खूप पुढे पाहिलं, आणि मला आपल्या भजनी मंडळातला पुढे म्हणणारा बुवा आठवला. दादा ते पाहायलाही तयार नव्हता.

मग २४ नोव्हेंबर १९९१. फ्रेडी गेला. एड्स झाल्याचं त्याने आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं. इथे वर्तमानपत्रात छोटी बातमी आली, आणि तिच्यात मी पहिल्यांदा वाचलं, मूळ नाव फारोख बुलसारा, पारशी, शिक्षण पाचगणी. अंत्यसंस्कारात पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या.

मी वर्तमानपत्र घेऊन दादाच्या घरी गेलो. तोवर आम्ही वेगळे राहत होतो. मला वाटलं, आता माझं पारडं जड झालं. मी म्हटलं, "दादा, अरे हा आपला होता! बलसाडचा! पाचगणीत शिकलेला!" मला खात्री होती, आता तो विरघळेल. दादाने बातमी दोनदा वाचली. म्हणाला, "आपला होता ना? मग जास्तच विचारायला हवं. परक्याला एकवेळ माफ करू. गांधींना ज्या देशात गाडीतून उतरवलं, तिथे जाऊन गाताना आपल्या माणसाला काही वाटलं नाही?"

आणि मग तो स्टुलावर चढला. कपाटावरचा डबा काढला. कॅसेट काढली. सहा वर्षं तिला हवा लागली नव्हती, टेपला बुरशी आली होती. पेन्सिल घालून दादाने ती हळूहळू पुढे-मागे फिरवली, कापसाने पुसली. लावली. पहिलं गाणं जरा हेलकावे खात वाजलं. दादा डोळे मिटून बसला होता. संपल्यावर म्हणाला, "परत लाव."

त्या दिवशी मला कळलं, की दादाने या माणसावर माझ्यापेक्षा कमी प्रेम केलं नव्हतं. मी वकिली करत होतो. तो हिशोब ठेवत होता. गाण्याचा रकाना वेगळा, वागण्याचा वेगळा. एकातली रक्कम दुसऱ्यात वळती करायची नाही. दोन्ही बाजू पूर्ण लिहायच्या.

पुढे २००३ साली केप टाउनमध्ये नेल्सन मंडेलांच्या पुढाकाराने एड्सविरुद्ध मोठा कार्यक्रम झाला. मंडेलांचा तुरुंगातला क्रमांक ४६६६४, तेच त्या मोहिमेचं नाव. तिथे ब्रायन मे आणि रॉजर टेलर वाजवायला गेले. मी दादाला उत्साहाने फोन केला. तो म्हणाला, "चांगलं झालं. २००३ च्या पानावर जमा कर. चौऱ्याऐंशीचं चौऱ्याऐंशीला राहू दे."

आपण बडोद्याची मराठी माणसं आहोत. चार-पाच पिढ्या इथे काढल्या. आपल्याला "आपला" हा शब्द फार प्रिय. कुणी मोठा झाला की त्याची आई कुठली, मामा कुठला, हे शोधून काढतो आणि आपल्या खात्यात घेतो. त्यात वाईट काही नाही. पण एकदा खात्यात घेतला की त्याच्याबद्दल उणा शब्द ऐकायचा नाही, हे मात्र आपण फार सहज करतो. फ्रेडीला बलसाडचा म्हणून मिरवायचं असेल तर सन सिटीसकट मिरवावं लागेल. दादा मला हे शिकवत होता, आणि आज शिक्षक दिन आहे म्हणून त्याच्यासमोर सांगतो.

शेवटी आमच्या घरातला ताजा वाद सांगून थांबतो. फ्रेडीशिवाय क्वीन असू शकतं का? डीकन नव्वदच्या दशकातच बाजूला झाला. मे आणि टेलर आता अॅडम लँबर्ट या अमेरिकन गायकाबरोबर क्वीनच्या नावाने कार्यक्रम करतात. दादाची मुलगी इंग्लंडात असते, तिने तो २०२२ साली प्रत्यक्ष पाहिला. ती म्हणते, "काका, फ्रेडी पडद्यावर येतो आणि सगळं मैदान त्याला उत्तर देतं. लँबर्ट त्याची नक्कल करत नाही, आपलं गातो." माझा मुलगा म्हणतो, "चौघांपैकी दोघे. पाटी जुनी, दुकान नवीन."

यावर मी माझ्या वडिलांचा आधार घेतो. किर्लोस्कर नाटक मंडळीतले भाऊराव कोल्हटकर, ज्यांना सगळे भावड्या म्हणत, ते आपल्या बडोद्याचे. १९०१ साली ते गेले. १९०५ मध्ये त्या मंडळीत एक सतरा वर्षांचा मुलगा आला आणि त्याने शकुंतला उभी केली. ज्यांनी भाऊराव ऐकले होते त्यांनी पहिल्या दिवशी मान डोलावली असेल असं मला वाटत नाही. तो मुलगा बालगंधर्व. तेव्हा लँबर्ट बालगंधर्व आहे असं मी म्हणत नाही, दादा हसतो आहे, मला दिसतंय. एवढंच म्हणतो, की हा वाद आपल्या घराला नवीन नाही, आणि मंडळी जुन्या नावाने पुढे चालणं हेही आपण पाहिलेलं आहे.

घरी गेल्यावर एक करा. नातवंडांच्या मोबाइलवर चार गाणी लावून घ्या. फ्रेडीचं 'बोहेमियन रॅप्सोडी', मेचं 'वुई विल रॉक यू', डीकनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट', टेलरचं 'रेडिओ गा गा'. लिहिणारा कोण ते लक्षात ठेवून ऐका. आणि उद्या मिरवणुकीत मला गाठा, भांडा. काकू, तुम्ही तर नक्की या. तुम्ही शेवटपर्यंत बसलात.

दादा, काही चुकलं असेल तर इथेच सांग. कारखान्याबद्दल मी त्या दिवशी जे बोललो, ते चुकलं होतं. तेही पानावर लिहून ठेव.

गणपती बाप्पा मोरया.